राजोडीला गेलेली यशोदा

थापा मारण्यात नरहरीचा हात धरणारा अख्ख्या वसईत नव्हता. मुलीला, रुचिताला, बघायला पाहुणे यायच्या आधी त्याने तिच्या आईला, यशोदेला, मागच्या खोलीत कोंडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "प्रथिनांच्या गुठळ्या साचून मेंदूतल्या पेशी एकेक करून मरतायत. आजार आहे हा, वेड नव्हे!" पण ठरत आलेली सोयरीक मोडली तर?

"मुलीच्या आई दिसत नाहीत?" नवऱ्यामुलाच्या काकांनी विचारलं.

"माहेरी गेलीय, राजोडीला."

मागच्या खोलीचं दार आतून वाजू लागलं.

काका हसले. "चेष्टा करता होय? मग तुमच्या शेजारी बसल्यात त्या कोण?"

शरमेने नरहरीची मान वर होईना. कुणीतरी त्याच्या सदऱ्याची बाही ओढली. दार वाजतच होतं.

"अहो," शेजारून यशोदा म्हणाली, "आत कोणाला कोंडलंत?"