काकूंची कुरकुर

"कोणी बांधली ही पंपाची खोली, देव जाणे. उजव्या भिंतीला एवढं गवत माजलंय, पण कापायची कोणाला शुद्ध नाही," काकू पुटपुटल्या.

टेलरकाकांची दुर्बीण सावकाश पंपाच्या खोलीकडे वळली. उजव्या भिंतीपाशी येऊन थांबली.

बागेमागच्या तळ्यावर रविवारी सकाळी ही चौघं पक्षी बघायला जमत. टेलरकाका, म्हणजे या मंडळींचे गुरू. औषधांच्या दुकानाचे मालक, म्हणजे वही सांभाळणारे. शाळेतल्या बाई, कॅमेरावाल्या. आणि काकू, ज्या फक्त चहाचा थर्मास घेऊन येत आणि घडीच्या स्टुलावर बसून कुरकुर करत. दुर्बिणीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. "मला नको तो डबा. माझे डोळे अजून शाबूत आहेत," म्हणायच्या.

"शाल आणली तर नेमकी ही मरून," काकूंचं चालूच होतं. "गळ्यापाशी नुसती टोचतेय. आणि पिशवीचा हा पांढरा पट्टा! खांद्यावरून सारखा छातीवर उतरतो."

काका दुर्बिणीमागे ताठ झाले.

"चष्म्याने डोळ्याभोवती पांढरं रिंगण पाडलंय ते वेगळंच. पार कानाच्या दिशेला ओघळलंय."

"बाई," काका हळूच म्हणाले, "कॅमेरा तयार ठेवा. गवताच्या बुडाशी बघा. चोच लांब असेल, टोकाला जराशी वाकलेली. रंगीत पाणलावा!"

बाई लगबगीने त्यांच्याकडे वळल्या आणि थबकल्या. दुर्बिणीच्या पुढच्या दोन्ही काचांवर काळी झाकणं तशीच होती. बाईंनी तोंड उघडलं. औषधवाले खोकले. चांगले दोनदा खोकले. बाईंनी तोंड मिटलं आणि कॅमेरा गवताकडे धरला.

"आहे!" त्या एकदम म्हणाल्या. "दिसला! अगंबाई, काय सुंदर आहे हो!"

"सुंदर आहे म्हणजे मादी," काका खुशीत म्हणाले. "यांच्यात मादीच नटलेली. नर बिचारा फिका, पिल्लं सांभाळतो."

"कुठेतरी न्याय आहे म्हणायचा," काकू थर्मासचं झाकण उघडत म्हणाल्या.

चाळीस वर्षं काकूंनी काकांच्या दुकानात काजं-बटणं केली होती. मरून आणि तपकिरी यांतला फरक त्यांना तीस पावलांवरून कळायचा. आणि तेवढीच वर्षं रोज जेवणानंतर काका पक्ष्यांचं पुस्तक मोठ्याने वाचायचे. काकू समोर बसून "पुरे झालं आता" म्हणायच्या आणि सगळं ऐकायच्या.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी काकांनी चहा कपाच्या शेजारी ओतला. काकूंनी कप धारेखाली सरकवला, टेबल पुसलं. विषय काही निघाला नाही. त्याच रविवारी काकूंना अचानक गुडघ्यांसाठी मोकळी हवा हवीशी वाटली आणि त्या तळ्यावर आल्या. तेव्हापासून ही कुरकुर. रविवार सुटला तर हा माणूस खिडकीशी बसून राहील, ही त्यांची धास्ती होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. काकांनाही नाही.

औषधवाल्यांनी वही उघडली. "अठरा वर्षांत पहिल्यांदा आला हा पक्षी आपल्याकडे," ते म्हणाले आणि लिहू लागले.

तारीख, जागा, पक्षी, प्रथम कोणी पाहिला. हे रकाने काकांनीच आखले होते, नियमही त्यांचाच. ज्याने पाहिला त्याचंच नाव. एकदा त्यांनी नुसत्या शेपटीवरून अंदाज केला होता, तर घरी जाऊन झोप लागेना. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर स्वतःची नोंद खोडली होती. खोटी नोंद म्हणजे मापात चोरी, म्हणाले होते.

"थांबा," काका म्हणाले. "माझं नाव घालू नका."

"अहो, चहा घ्या ना, निवतोय," काकू घाईने म्हणाल्या.

"माझं नाव नको." काका पुन्हा म्हणाले. "अठरा वर्षांतला पहिला पक्षी आहे. याच्यापुढे तरी खोटं नको."

औषधवाल्यांचं पेन थांबलं. काकूंनी चहाचा कप तसाच धरून ठेवला होता.

"नाही घातलंय, काका," औषधवाले म्हणाले. मग त्यांनी वही काकूंच्या मांडीवर ठेवली.

काकूंनी चष्मा सारखा केला. "रंगीत पाणलावा, मादी. प्रथम पाहिला..." त्या थांबल्या. पान मागे उलटलं. आणखी एक उलटलं. प्रत्येक पानाच्या शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात, काकू. काकू. काकू. खंड्यासमोर काकू, बदकांसमोर काकू. थेट दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारपर्यंत.

"इथं तर जिथं तिथं मीच आहे," त्या म्हणाल्या.

"नियम काकांचाच," औषधवाले म्हणाले. बाईंना कॅमेऱ्यात काहीतरी बघायचं होतं, त्या तेच बघत राहिल्या.

काकांनी दुर्बीण खाली घेतली. बोटांनी पुढच्या काचा चाचपल्या. झाकणं हाताला लागली. त्यांचं पोट आधी हललं, मग ते मोठ्याने हसले. गवतातली पाणलावी दचकून दोन पावलं सरकली, पण उडाली नाही.

हसता हसता त्यांनी हात बाजूला नेला. काकूंनी तो वाटेतच धरला.

"मला दिसत नाही गं," काका म्हणाले. "आता कुरकुर पुरे. नीट सांग, कशी आहे ती?"