रविवारची साक्ष

सलोनी दारातून पळत सुटली ती थेट रिक्षापर्यंत. कैलास एक पाय खाली टाकून तसाच थांबला. दोन वर्षं ही पोर मोरीपर्यंत जायची तर भिंत धरून दोनदा थांबायची, आणि आज तिला साधी धापसुद्धा लागली नव्हती.

"पप्पा, माझी गोधडी आणली?"

"आधी बापाचं तोंड तर बघ," त्याची आई सोजराबाई उंबऱ्यातून म्हणाली. "तीन महिन्यांनी आलाय त्यो, आन् हिला गोधडीची पडलीय."

कैलासनं लेकीला उचललं आणि सवयीनं तिचे तळहात उलटे करून पाहिले. पूर्वी ते पिवळट दिसायचे. कावीळ असेल म्हणून रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. सोजराबाईनं तर चर्चच्या मंडळींना कळू न देता पालघरच्या एका बाईकडून काविळीची माळसुद्धा घालून आणली होती. आता ते तळहात स्वच्छ गुलाबी होते. कैलासच्या जिवात जीव आला, आणि रिक्षावाल्यासमोरच तो रडला.

ही नगरकडची ख्रिस्ती माणसं. बापाच्या वेळेपासून कुंभवलीत राहिलेली. कैलास कापडाच्या रंगाची भुकटी बनवणाऱ्या कंपनीत कामाला. पूर्वी घरी यायचा तो रंगपंचमी खेळून आल्यासारखा. दोन वर्षांपूर्वी अंगावरची भुकटी घरी जायला नको म्हणून कंपनीनं आंघोळ करून, कपडे तिथंच ठेवून जायचा नियम काढला, तेव्हापासून माणूस माणसासारखा घरी यायला लागला. आणि नेमकं त्याच साली पोरीला दम्यानं धरलं. सुख एकटं येत नाही म्हणतात, तसंच.

डॉक्टर झाले, पंप झाले, उपास-प्रार्थना झाल्या. शेवटी कैलासनं देवाशी बोली केली. नवस ख्रिस्ती माणसाला चालत नाही, पण बापाच्या काळजाला कोण समजावणार? उन्हाळाभर परदेशात तुझं काम करतो, तू माझ्या पोरीला श्वास दे. चर्चचा गट आफ्रिकेत मलावीला अनाथाश्रम बांधायला निघाला होता, त्यात त्यानं नाव घातलं. तिकडं डोंगरावर आपल्या उन्हाळ्यात थंडी असते, हे ऐकून सलोनीनं स्वतःची गोधडी त्याच्या बॅगेत कोंबली. आजीनं तिला सहाव्या वाढदिवसाला शिवून दिलेली, जुन्या लुगड्याची, मऊ, जाडजूड. त्या गोधडीशिवाय ती झोपत नसे.

जेवताना त्याची बायको ज्ञानेश्वरी म्हणाली, "तुम्ही गेलात आणि पंधरा-वीस दिवसांत दम उतरला. पंप माळ्यावर टाकलाय मी. चर्चचे पाळकसाहेब म्हणालेत, या रविवारी सगळ्यांसमोर देवाच्या उपकाराची साक्ष तुमचीच."

कैलासचा घास हातातच राहिला.

"मला नाही उभं राहायचं."

"का हो?"

त्यानं सलोनीला शेजारी खेळायला पाठवलं आणि मग सांगितलं. "तिथं एक पोर होती, तियामिके. सलोनीएवढीच. दिवसभर माझ्या मागं मागं. थोडा खोकला होता तिला. म्हटलं, थंडी बाधली असेल, म्हणून ही गोधडी तिला दिली. पोर इतकी खूश झाली की दिवसासुद्धा अंगावरून काढेना. मग तिला दम लागायला लागला. मी उशाशी बसून प्रार्थना करायचो, सलोनीसाठी केली नसेल इतकी. तिचेही तळहात पिवळे पडले, अगदी आपल्या पोरीसारखे. सहाव्या आठवड्यात गेली."

त्यानं ताट बाजूला सारलं.

"इकडं ही बरी होत होती आणि तिकडं ती मरत होती. एकीचा श्वास काढून दुसरीला दिला, असं वाटतं मला. अशी साक्ष देऊ लोकांसमोर?"

"आपली वाचली ना?" ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली. "देवाला जाब विचारणारे आपण कोण?"

"देव तारी त्याला कोण मारी," सोजराबाई म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

शनिवारी सकाळी कैलास वही घेऊन ओट्यावर बसला. दोनदा लिहून त्यानं दोनदा खोडलं. मग ठरवलं, तियामिकेचं नाव घ्यायचं आणि तरीही आभार मानायचे. तिच्या नावाचा अर्थच मुळी 'आपण आभार मानू' असा होता. मन थोडं हलकं झालं.

आत सलोनीनं गोधडीसाठी भुणभुण लावली होती. सोजराबाई तिला समजावत होती, "मेलेल्या लेकराच्या अंगावरची हाये, बाळा. धुतल्याबिगर न्हाय द्यायची." तशी ती गोधडी शिवल्यापासून कधी धुतलीच नव्हती. दमेकरी पोरीला ओल नको, असं डॉक्टरांनीच बजावलं होतं.

मागच्या दारी नळ सुटला. धोपाटण्याचे आवाज यायला लागले. कैलासनं नवं पान उघडलं आणि 'प्रभूनं माझ्या लेकीला' इतकं लिहिलं.

तेवढ्यात ओट्याच्या कडेनं पाणी वाहत आलं. पिवळंजर्द पाणी. तो वही ठेवून उठला आणि मागं गेला.

"आई, लुगड्याचा रंग सुटतोय का?"

"लुगडं तर पांढरं पडल्यालं. त्याला कसला रंग?" सोजराबाईनं कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला. तळहात पिवळे झाले होते. "अरं, आत तुजेच कंपनीचे जुने कपडे घातलेत. नवा नियम आला तवा सहा जोड घरातच पडले व्हते. म्हनलं, चांगलं जाड कापड हाये, लेकराला ऊब मिळंल."