घरासारखं ऑफिस

"अर्धाच दिवस काम आहे ताई, आठ हजार पुष्कळ झाले," करसल्लागार देशमाने म्हणाले. "शिवाय ऑफिस आपल्या घरासारखंच आहे. घरात कुणी पगारावरून घासाघीस करतं का?"

जुईलीने चहाचा कप खाली ठेवला. सहा महिन्यांच्या बाळाच्या पाळणाघरालाच सात हजार जाणार होते. छताकडे बघत ती म्हणाली, "मग पाळणाघर कशाला? बाळाला इथेच आणते. त्या हुकाला पाळणा बांधता येईल."

देशमान्यांनी वर पाहिलं, मग समोर ताटकळलेल्या अशिलांकडे. "बारा घ्या," ते घाईने म्हणाले. "शनिवारी सुट्टी. बाळ आजारी असेल त्या दिवसाचा पगारही कापणार नाही."

तिने होकारार्थी मान हलवली. उठताना मात्र नजर पुन्हा वर गेली. हूक चांगला भक्कम होता. तिने थट्टा केलीच नव्हती.