उपजत

फळ्यावर शब्द लिहून कुनिएबाई वळल्या. "उमारेत्सुकी. म्हणजे जन्मापासूनचं, उपजत. आपण काही न करता अंगी आलेलं."

"उमारेसुत्की," रोझिलेने म्हणाली.

"त्सु, त्सु. जीभ दातांमागं टेकवा."

रविवारी सकाळी गावच्या सभागृहात परदेशी कामगारांसाठी जपानीचा वर्ग भरे. आज जादा पाळीमुळं बाकीचे आलेच नव्हते. ब्राझीलहून आलेली रोझिलेने मोटारींच्या कारखान्यात होती. तिला आज हा एवढा एकच शब्द हवा होता. तिच्या लेकीचे, टाईसचे, केस मुळातच तांबूस. शिस्तीचे मास्तर पोरीला शाळेच्या फाटकात सगळ्यांदेखत अडवत आणि केस रंगवलेत असं समजून काळे करून ये म्हणत. उद्या रोझिलेने त्यांना भेटणार होती.

"टाईस इतकं छान जपानी बोलते. तीच का नाही सांगत?" बाईंनी विचारलं.

"तिनं सांगितलं की उलट बोलते म्हणतात. म्हटलं, मग मीच बोलते."

टाईस खिडकीपाशी बसली होती. लोकरीची टोपी पार कानांवर ओढलेली.

"माझ्या मुलीचे केस उमारेत्सुकी तांबूस आहेत," रोझिलेने एका दमात म्हणाली. अगदी बरोबर. बाईंनी टाळी वाजवली.

"ऐकलंस टाईस? आलं की नाही तुझ्या आईला!"

टाईसनं टोपी काढली. केस काळेभोर होते, दौतीत बुडवून काढल्यासारखे. कानामागं कातडीवरही डाग उतरला होता.

"काल केले. तू कामावर होतीस तेव्हा." तिनं मान वर केली नाही. "उद्या वर्गाचा फोटो आहे, आई. पुन्हा सगळ्यांसमोर बाजूला काढलं असतं मला."

बाईंनी फळा पुसायचं फडकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

रोझिलेने ओरडली नाही. लेकीजवळ गेली, बोटाला थुंकी लावून कानामागचा डाग चोळू लागली.

"आई, शी! काय करतेस!"

"गप बस." डाग हलत नव्हता. चोळता चोळताच ती म्हणाली, "बाई, 'मूळचे पुन्हा उगवतील' कसं म्हणायचं? उद्या मास्तरांना तेही सांगते."

बाई बोलणार, तोच टाईस म्हणाली, "हाएते कुरू."

"हायते..."

"हाएते, आई. सावकाश म्हण."