भिंतीपलीकडचं कीर्तन

या माउली, टाळ खाली ठेवून जवळ बसा, एक गोष्ट सांगते.

द्वारकाकाकूंच्या शेजारी रोज संध्याकाळी मोठ्या आवाजात कीर्तन लागायचं. एका एकादशीला काकूंनी कुणाला न विचारता मोबाइल भिंतीला लावला आणि ते रेकॉर्ड करून घेतलं. नंतर डोळे मिटून ऐकताना मृदंगाच्या आड शेजारच्या उज्ज्वलाचं रडणं ऐकू आलं, आणि तिच्या नवऱ्याच्या पट्ट्याचे फटके.

वकील भाचा म्हणाला, "मावशी, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरातला आवाज घेतलास. आधी तिची संमती घे, नाहीतर तूच अडकशील."

उज्ज्वलाचा नवरा कामावर गेल्यावर काकूंनी शेजारचं दार वाजवलं. "पोरी, तुझा आवाज आहे यात. पोलिसांकडे नेऊ का?"

उज्ज्वलाने पदर गळ्याभोवती ओढून घेतला. "नको काकू. कीर्तनच आहे ते."

काकूंनी तिचा शब्द पाळला.

पुढच्या एकादशीला शेजारचं कीर्तन फार वेळ चाललं. सकाळी उज्ज्वलाला पांढऱ्या चादरीत खाली नेलं. दुपारी पोलिसांनी काकूंचा मोबाइल मागून घेतला. संमतीचं कुणी विचारलं नाही.

कीर्तनात मृदंग चढेल ना, तेव्हा त्या उज्ज्वलाची आठवण ठेवा.