एकाच डब्यातले दोन गुलाबी

मुलीच्या खोलीला गुलाबी रंग द्यायचा, एवढं ठरवायला त्या नवरा-बायकोला आठवडा लागला. मग गुलाबीच्या दोन छटांवरून जुंपली. रंगांच्या कार्डावर त्या इतक्या सारख्या होत्या, की तीस वर्षं भिंती रंगवून मलासुद्धा फरक सांगता येईना. म्हटलं, जाऊ दे, दुसरा डबा उघडतोय कोण! सकाळी भिंतीवर एक पट्टा मारला, दुपारी त्याच डब्यातून शेजारी दुसरा. पहिला सुकलेला, दुसरा ओला. वेगळे दिसणारच.

दोघं बघायला आली आणि तोंडं सुटली.

"डावाच घ्यायचा," नवरा म्हणाला. "उजवा नुसता दिखाऊ आहे, तुझ्या माहेरच्यांसारखा."

"आणि डावा मरगळलेला, तुझ्यासारखा! पोरीला काय आवडतं, ते तरी माहितीये का तुला?"

"तुला माहितीये वाटतं!"

भांडत भांडत दोघं स्वयंपाकघरात गेली. तिथून आता भांडीही बोलायला लागली. मी मनातल्या मनात हसत ब्रश धुवायला घेतला. कोपऱ्यात त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी पुस्तकं पिशवीत भरत होती.

"काका, दोन्ही पट्टे एकाच डब्यातले आहेत ना? मी बघत होते."

मी ओशाळलो. "मग आई-बाबांना सांगायचंस की!"

"सांगितलं." तिने पिशवीची चेन ओढली. "मी मावशीकडे राहायला जातेय, तेही सांगितलं."