मागच्या खोलीतलं नेट

“एक्स्टेन्शनला नाही लावायचा! भिंतीतल्याच सॉकेटला!” ती ओरडली आणि आईच्या हातातला पांढरा डबा तिने जवळजवळ हिसकावूनच घेतला. “तारांमधून नेट जातं, आई. आपल्या दिव्या-पंख्यांच्या साध्या तारांमधून. भिंतीच्या आतून! भारी आहे की नाही?”

“भारी आहे. शॉक नको लावून घेऊस.”

डबे तीन होते. एक हॉलमध्ये, राउटरशेजारी. बाकीच्या दोघांशी त्याची ओळख तिनेच करून दिली होती. एकाचं बटण दाबायचं, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. दुसरा डबा तिच्या खोलीत. तिथे हिरवा दिवा लागला तेव्हा तिने पलंगावर दोन उड्या मारल्या होत्या. तिसरा जास्तीचा होता. तो बाथरूमजवळ लावून आंघोळ करताना गाणी ऐकू, एवढाच तिचा बेत.

“तो मागच्या खोलीत लाव,” हॉलमधल्या टेबलापाशी बसत आई म्हणाली. “बाबांना विचार, चालेल का.”

बाबा त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग चालू, माइक बंद. मान वर न करता तो म्हणाला, “आईला सांग, चालेल.”

मागच्या खोलीत सोमवारपासून बाबाची उशी होती. खिडकीच्या गजाला त्याचे तीन शर्ट लटकत होते आणि दाढीचं सामान बंद पडलेल्या शिलाई मशीनवर. पाठीला कडक गादी बरी, असं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेसुद्धा आईला नाही, तिलाच. पण मध्ये दोन जाड भिंती, नेट तिथवर पोचायचं नाही. म्हणून रोज संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये यायचा. आई पेपर तपासत असायची. बोलायचे नाहीत दोघं, पण पंखा एकच असायचा.

हे सगळं तिच्या डोक्यात आलं कधी, तर डबा सॉकेटमध्ये खोचून झाल्यावर. हुशार मुलगी!

दिवा लाल झाला. केशरी झाला. तिने झटकन त्याच्यावर तळहात ठेवला.

बाबा उघडा लॅपटॉप ताटासारखा हातावर धरून आत आला. पडद्यावरचा माणूस अर्धवट उघड्या तोंडाने थिजला होता. बाबा गादीवर बसला.

“काय इंजिनीयरबाई, लागलं?”

“नाही लागत.” तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. “इथलं वायरिंग जुनं आहे. नाहीच होणार. तुला हॉलमध्येच बसावं लागेल, बाबा.”

“असं?”

“हो ना. रोजच.”

तेवढ्यात पडद्यावरच्या माणसाचं तोंड मिटलं. “हां, आलात परत! आता अगदी स्पष्ट दिसताय, सर!”

बाबाने लॅपटॉप मिटला. आवाज न करता. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. बोटांच्या फटीतून हिरवं दिसत होतं. डबा गरम व्हायला लागला होता, तरी तिने हात काढला नाही.

“आईला सांग,” तो हळूच म्हणाला, “लागलं म्हणून.”

“तू सांग.”

“अगं, जाता जाता नुसतं…”

“नाही सांगणार. चार पावलांवर बसलीये ती. तुला तोंड आहे ना? तू सांग.”

एवढ्या जोरात ती बाबाशी कधीच बोलली नव्हती. आता तो ओरडणार, असं वाटून तिने मान खाली घातली. तो ओरडला नाही. उठला, दारापर्यंत गेला आणि चौकटीला हात लावून थांबला. हॉलमधली पेपरांची सळसळ थांबली.

“अगं…” बाबा म्हणाला.

“हं?” आई तिकडून लगेच म्हणाली.

चौकटीवरचा सुटलेला रंग नखाने खरवडत तो उभा राहिला. आईने पुन्हा विचारलं नाही. पण पुढचा पेपरही उलटला नाही.